डोंगराने वेळापत्रक पाळावे

कुटुंबाला गाडीत घालून डोंगर आणि समुद्र एकाच सहलीत दाखवून आणावेत, असा विचार ज्या क्षणी आपल्या मनात येतो, त्या क्षणापासून आपण मोहिमेचे सेनापती झालेले असता, आणि सेनापतीने सैनिकांना मत विचारण्याची प्रथा जगात कोठेही नाही. जोडीदाराला किनाऱ्यावर दोन दिवस काहीही न करता बसायचे असेल, धाकट्याला वाटेतल्या ओढ्यात पाय सोडायचे असतील, आजोबांना दर दीड तासाने उतरून पाय मोकळे करावे लागत असतील. ही सर्व माहिती आपल्याकडे आहेच, फक्त तिचा परिणाम नियोजनावर होऊ देऊ नये. स्टीअरिंग ज्याच्या हाती, सहल त्याची. बाकीच्यांची गणना सामानाच्या यादीत करावी.

नियोजनाचा सगळा डोलारा भागाकारावर उभा असतो. मोबाइलवरच्या नकाशात दोन मुक्कामांमधले अंतर २४० किलोमीटर दिसले, की त्याला ८० ने भागावे. उत्तर तीन तास येते, आणि गणिताने आलेले उत्तर खोटे कसे असेल? घाटात ताशी २५-३० किलोमीटरची सरासरी पडली तरी नशीब समजावे, आणि पुढे मालाने भरलेला ट्रक रांगत असला तर तीही विसरावी, असे काही अनुभवी मंडळी सांगतील. परंतु अनुभवी मंडळींचा स्वभाव मुळातच रडका असतो. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड साधारण एवढ्याच लांबीचा आहे. समुद्राला लगटून जाणारा त्याचा मुख्य भाग पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी, रणांगणावर राहिलेल्या आपल्या सोबत्यांचे स्मारक म्हणून, १९१९ ते १९३२ या काळात बांधला. त्यांना तेरा वर्षे लागली, कारण त्यांच्यापाशी आपल्यासारखा वेळेचा तक्ता नव्हता. आपण तो न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्यामध्ये बसवावा.

डोंगराच्या बाबतीत तर भागाकार अधिकच निष्ठेने करावा. इटलीतील आल्प्समधली स्टेल्व्हिओ खिंड २,७५७ मीटर उंचीवर आहे आणि तिच्या एका बाजूच्या चढणीवर ४८ हेअरपिन वळणे आहेत. प्रत्येक वळणावर त्याचा क्रमांक लिहिलेला असल्यामुळे मागच्या आसनावरून ‘अजून किती?’ असा प्रश्न आला की नेमके उत्तर देता येते, आणि ते ऐकून मागे जी शांतता पसरते ती कराराची नव्हे तर हताशेची असते, हा तपशील सेनापतीने मनावर घेऊ नये. कार्लो डोनेगानी या अभियंत्याने १८२५ पर्यंत हा रस्ता पुरा केला, तेव्हा उभा डोंगर गाड्यांना चढता यावा म्हणून त्याने चढ सौम्य केला आणि त्याची किंमत लांबीत मोजली. नकाशावर दोन बोटांत मावणारी वाट प्रत्यक्षात संपता संपत नाही, ती यामुळेच. डोनेगानीला आपल्या दुपारच्या मुक्कामाची वेळ ठाऊक असती, तर त्याने निदान वीसएक वळणे वगळली असती यात शंका नाही.

वेळ अशा रीतीने आखून झाला की त्यात स्थळे कोंबावीत. दिवसाला सहा स्थळे हे किमान प्रमाण समजावे. प्रत्येक स्थळाला बारा मिनिटे पुरतात: चार मिनिटे गाडी लावायला, तीन मिनिटे ‘सगळ्यांनी इकडे बघा’ म्हणायला, दोन मिनिटे न हसणाऱ्या मुलाला धमकावायला आणि उरलेली परत गाडीत कोंबायला. दरीतून धुके वर येताना पाहायला बारा मिनिटे कशी पुरणार, असे कोणी विचारल्यास धुके पुढच्या स्थळीही आहे असे सांगावे. मुक्कामाची ठिकाणे निवडताना ती एकमेकांपासून जितकी दूर असतील तितके बरे, म्हणजे रोज सकाळी सगळे सामान बांधण्याचा आणि रोज रात्री सोडण्याचा व्यायाम घडतो. त्याबद्दल याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

गाडीची तयारी म्हणजे ती धुऊन घेणे. टायरमधील हवा नेहमीचीच ठेवावी. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब वेगळा असतो आणि तो बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या छोट्या पट्टीवर छापलेला असतो, पण ती पट्टी इतकी वर्षे कोणी वाचलेली नसताना आताच वाचणे शुभ नव्हे. स्टेपनी डिकीच्या तळाशी असते. तिच्यावर आधी दोन मोठ्या बॅगा, त्यांवर खाऊची टोपली, टोपलीवर अंथरुणे आणि सर्वांत वर, दार लावताना बाहेर पडतील अशा बेताने, चपला रचाव्यात. चाक पंक्चर होईल ते साहजिकच पावसात, उतारावर आणि अरुंद वळणानंतर होईल. तेव्हा हा सगळा संसार रस्त्याच्या कडेला मांडून शेवटी स्टेपनीपर्यंत पोचल्यावर तिच्यातही हवा नाही हे कळते आणि पाना गेल्या वेळी शेजाऱ्याला दिला होता हे आठवते. त्या घटकेला कुटुंबाचे जे ऐक्य दिसते, ते कोणत्याही रम्य स्थळी दिसत नाही. जे सामान डिकीत मावणार नाही ते टपावर बांधावे. टपावर किती वजन ठेवावे याची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, आणि वर वजन वाढले की गाडीचा गुरुत्वमध्यही वर जातो व वळणावर ती अधिक झुकते, हे भौतिकशास्त्र आहे. आपण सहलीला निघालो आहोत, शाळेत नव्हे. बाळाला पुढच्या आसनावर मांडीत घ्यावे, म्हणजे त्याला दृश्य दिसते. ताशी ५० किलोमीटर वेगात धडक झाली तर दहा किलोच्या बाळाचा भार त्या क्षणी काहीशे किलोंचा होतो आणि कोणाचेही हात तो पेलू शकत नाहीत. (ही ओळ लिहिताना उपरोधाची शिस्त पाळणे जड जाते. बाळाला मागे, त्याच्या मापाच्या आसनात, पट्ट्याने बांधावे. पुढचा मजकूर पूर्ववत समजावा.)

आता घाटाचा उतार. सेनापतीचे खरे कसब येथेच लागते, कारण चढताना इंजिन दमते पण उतरताना गाडी आपण होऊन धावते, आणि फुकट मिळालेल्या वेगासारखे सुख दुसरे नाही. म्हणून उतार लागताच गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी. इंधन वाचते, अशी यामागची परंपरागत श्रद्धा आहे. आजची इंजिने गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंधनाचा पुरवठाच थांबवतात आणि न्यूट्रलमध्ये मात्र स्वतःला चालू ठेवण्यासाठी थोडे थोडे जाळत राहतात, म्हणजे श्रद्धेचे फळ नेमके उलटे मिळते. परंतु श्रद्धेचा हिशेब मांडू नये. ज्या गिअरमध्ये चढण चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे म्हणजे इंजिनच गाडीला आवरते, हा जुन्या चालकांचा कानमंत्र त्यांच्यापाशीच राहू द्यावा. आपण ब्रेकवर पाय ठेवावा आणि तो तळ येईपर्यंत काढू नये. काही वळणांनंतर जळका वास येऊ लागतो. तो बाहेरून येत आहे असे सर्वांना सांगून काचा वर कराव्यात. सतत घासून ब्रेक तापतात, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, आणि हे तेल हवेतला ओलावा शोषून जुने झालेले असेल तर ते लवकर उकळते. उकळलेल्या तेलात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात पण दाब पुढे नेत नाहीत, आणि मग पेडल लोण्यात सुरी जावी तसे खाली जाते. या वेळी मागच्या आसनावरून ज्या प्रार्थना ऐकू येतात त्यांनी सहलीला तीर्थयात्रेचे पुण्यही जोडले जाते.

समोरून कोणी चढण चढत येत असेल आणि रस्ता एकाच गाडीचा असेल, तर चढणाऱ्याला आधी वाट द्यावी असा संकेत आहे, कारण चढावर थांबून पुन्हा निघणे अवघड असते. आपण हॉर्न वाजवावा. हॉर्न वाजवल्याने रस्ता रुंद होतो, असा विश्वास ज्यांना नाही त्यांनी घाटात येऊच नये. आंधळ्या वळणावर पुढच्या गाडीला मागे टाकतानाही हेच तत्त्व वापरावे. धुके दाटले तर हेडलाइट पूर्ण वर करावेत, मग धुक्यातल्या पाण्याच्या थेंबांवरून तो प्रकाश परत आपल्याच डोळ्यांवर येतो आणि समोर एक पांढरी भिंत उभी राहते. तिचे छायाचित्र चांगले येते.

एव्हाना मागे कोणाला तरी गाडी लागलेली असेल. कानाच्या आतला तोलाचा अवयव शरीर हेलकावत असल्याचे सांगतो, डोळे मात्र हातातल्या स्थिर पडद्याकडे पाहत असतात, आणि या दोन साक्षींचा मेळ न बसल्याने पोट बंड करून उठते. त्यामुळे निघताक्षणी मुलांच्या हाती मोबाइल द्यावा, काचा बंद ठेवाव्यात, पोट भरगच्च भरून घ्यावे आणि गाडी लागणाऱ्यालाच मागच्या मधल्या जागी बसवावे, जेथून बाहेरचे काही दिसत नाही. त्याला पुढे बसवून दूरच्या क्षितिजाकडे पाहायला सांगणे हा त्याचे लाड करण्याचा प्रकार आहे. मळमळीवरची गोळी प्रवासाआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, तेव्हा ती पहिल्या उलटीनंतर शोधायला घ्यावी. ती टपावरच्या बॅगेत असते. आपल्याला स्वतःला हा त्रास क्वचितच होतो, कारण चालकाला वळण येण्याआधीच ठाऊक असते आणि त्याचे शरीर तयार असते. याचा अर्थ आपली प्रकृती दणकट आणि इतरांची नाजूक असा करून तो मोठ्याने बोलून दाखवावा.

घाट उतरून समुद्र दिसला की सगळ्यांचे चेहरे खुलतात, आणि सेनापतीला वाटते की आपल्या तक्त्याला यश आले. येथे एक अडचण संभवते. समुद्रालाही स्वतःचा तक्ता आहे. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता रोज दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळा आधीच जाहीर केलेल्या असतात, त्या वाचूनही लोक ‘एवढे पाणी तर चालते’ म्हणून गाड्या घालतात. या लोकांची सोय म्हणून वाटेत खांबांवर उभारलेली निवाऱ्याची एक छोटी खोली आहे. गाडी सोडून जिन्याने वर चढावे आणि पाणी उतरेपर्यंत बसावे. आपल्या सबंध सहलीत कुटुंब काही तास एका जागी निवांत बसण्याची शक्यता येथेच काय ती आहे, त्यामुळे नियोजनात तिला जागा द्यायला हरकत नाही.

असा रस्ता जवळपास नसला तर गाडी सरळ वाळूत न्यावी. ओल्या, घट्ट वाळूवरून दहा पावले बरी जातात. मग कोरडी, भुसभुशीत वाळू लागते आणि चाके रुतू लागतात. आता ॲक्सिलरेटर जोराने दाबावा. चाक जागच्या जागी फिरते, स्वतःसाठी खड्डा खणते आणि गाडी पोटावर बसते. चाकांतील थोडी हवा काढून ती हळू मागे घेता आली असती, परंतु मागे घेणे सेनापतीला शोभत नाही. तोवर भरती सुरू झालेली असते. घरी परतल्यावर गाडीच्या तळाला लागलेले खारे पाणी गोड्या पाण्याने धुऊन काढू नये, म्हणजे ही सहल गाडीच्या पत्र्यावर कायमची कोरली जाते.

दरड कोसळून रस्ता बंद झाला तर त्याला कोणी तरी जबाबदार आहे असे समजून जो पहिला माणूस भेटेल त्याच्याशी वाद घालावा. कॅलिफोर्नियातील बिग सर किनाऱ्यावरचा हमरस्ता मे २०१७ मध्ये मड क्रीक येथे डोंगरच खाली आल्याने बंद झाला आणि जुलै २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. तेथेही कोणाच्या तरी तक्त्यात दुपारी सव्वातीनला ‘बिग सर, बारा मिनिटे’ असे लिहिलेले असणारच. पर्यायी वाट, राखीव दिवस, मोबाइलला रेंज नसतानाही उघडेल असा नकाशा, ही सगळी पराभूत मनोवृत्तीची लक्षणे होत.

परतीचा प्रवास शेवटच्या रात्री एका दमात करावा. दोन तासांनी थांबून उतरण्याचा नियम ज्यांना झोप येते त्यांच्यासाठी आहे, आणि आपल्याला झोप येत नाही हे आपण डोळे मिटता मिटता मोठ्याने सांगू शकता. घरी पोचल्यावर ओळखीच्यांना तक्ता दाखवावा, त्यातली खूण केलेली स्थळे मोजून दाखवावीत आणि मुलांना सर्वांत काय आवडले हे त्यांच्यासमोर विचारू नये, कारण उत्तर ‘चाक पंक्चर झाले तिथला ओढा’ असे येण्याचा धोका आहे. पुढच्या वर्षी आपण रेल्वेने जाऊ, असा ठराव कुटुंब एकमताने करील. तो उदार मनाने मान्य करावा, तिकिटे त्यांनाच काढू द्यावीत, आणि आपण त्या रात्रीच बसून गाडी कोणत्या स्थानकावर किती मिनिटे थांबते आणि तेवढ्यात बाहेर जाऊन काय पाहून येता येईल, याची यादी करायला घ्यावी.