‘कॅज्युअल्टी गप्पा मारायला नसते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की कॅज्युअल्टीत येणाऱ्याला गोळीआधी ‘मला नेमकं काय होतंय’ हे कळायला हवं असतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “कॅज्युअल्टी जीव वाचवायला असते, गप्पा मारायला नाही. निम्मे लोक ओपीडीची रांग चुकवायला येतात. त्यांना गेटवरूनच परत पाठवा.”

रांग चुकवणारे असतात, कबूल. महिन्याभराची खरूज घेऊन रात्री बाराला आलेले मी पाहिलेत आणि त्यांच्यावर खेकसलेही आहे. नर्सच्या नोकरीत एवढं पुण्य कोणाकडेच नसतं.

पण गेटवर कोण ठरवणार? छातीत जळजळतंय ते पित्त की हार्ट, हे आम्हालाही नुसतं बघून कळत नाही. म्हणून तर छातीत दुखतंय म्हटलं की दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो. तो चांगला आला तरी ट्रोपोनिनची रक्ततपासणी बऱ्याचदा काही तासांनी पुन्हा करावी लागते, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाली तरी ते रक्तात वाढायला वेळ घेतं. कोणाला आधी बघायचं ते ठरवणारी लाल, पिवळा, हिरवा ही निवड ट्रायाजच्या, म्हणजे पेशंट किती गंभीर ते तपासणाऱ्या, टेबलावरची. गोव्यात वाळपईहून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात आलेल्या आजीने ती घरूनच करून यावी, हे कुठलं? आणि कायदाही तुमच्या बाजूने नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, जीव वाचवण्याचं कर्तव्य आधी, बाकीचे सोपस्कार नंतर.

आता ‘गप्पां’विषयी. “आजी, रक्त परत एकदा बघायचंय, तोवर इथेच बसा, दुखणं वाढलं तर लगेच हाक मारा.” याला किती वेळ लागतो? हे सांगितलं नाही तर तिचा मुलगा तासाभरात सहा वेळा काउंटरवर येतो. सहाव्यांदा आवाज चढतो, मग सिक्युरिटी येते, आणि तुम्ही म्हणता तो खरा पेशंट तेवढा वेळ ताटकळतो.

माझ्या वडिलांना एकदा असंच नेलं होतं. कुठे ते राहू दे. पाच तासांनी कागद हातात आला, “सगळं नॉर्मल आहे, न्या घरी.” गाडीत बाबा म्हणाले, “नॉर्मल आहे, मग दुखतंय कशाला?” मी स्वतः नर्स, तरी मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं. रात्रभर ते छातीवर हात ठेवून पडवीत बसून होते. रिपोर्ट खरेच होते हो. पण हार्ट नाही म्हणजे काय आहे, आणि परत कधी यायचं, हे त्या कागदावर नव्हतं.

एका बाबतीत तुम्ही मला बरोबर पकडलंत. ‘डॉक्टर मान वर करून बघत नाहीत’ हे वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं. पहाटे चारला सलग ड्युटीवरच्या पोराची मान वर होत नाही, हे मी जवळून बघितलंय. ते वाक्य मागे घेते.

‘नुसत्या गॅससाठी आलेल्याला काय सांगणार,’ असंही विचारलंत. एक बस कंडक्टर आठवतो, तिशीचा. गॅसच होता. पण सारखं विचारत होता, “व्हडलें कांय ना मू?” म्हणजे मोठं काही नाही ना? आज, आत्ताच का आलास, असं विचारलं तेव्हा कळलं की भाऊ त्याच वयात हार्टने गेला होता, वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी त्याच्यासमोर धरली, हे बघ, इथे असं दिसलं असतं तर घाबरलो असतो, तसं नाहीये. भावाचं ऐकल्यावर घरच्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायलाही सांगितलं. मिनिटभर गेलं असेल.

गॅसच्या गोळ्या तो ट्रॉलीवरच विसरून गेला.