नानांनी चेंडू परत दिला

सासरे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले की पहिले पंधरा दिवस बरे जातात. जेट लॅग, मंदिर, कॉस्टको, पुन्हा कॉस्टको. सोळाव्या दिवशी सकाळी सात वाजता नाना सोफ्यावर हाताची घडी घालून बसतात आणि विचारतात, "मग, आज काय?"

डॅलसच्या उत्तरेला आम्ही राहतो त्या उपनगरात या प्रश्नाला उत्तर नाही. कोपऱ्यावर वाणी नाही, नाक्यावर नाका नाही, कोथिंबीर आणायची तर हायवेला लागावं लागतं. डोंबिवलीत नाना रोज संध्याकाळी फडके रोडला चक्कर मारतात आणि तासाभरात पाच-सहा जणांशी वाद घालून ताजेतवाने होऊन घरी येतात. इथे वाद घालायला मी एकटा.

म्हणून 2024 च्या मे महिन्यात मी त्यांना बेसबॉल दाखवायला न्यायचं ठरवलं. कोणाचाही दोष नाही, तिकिटं मीच काढली. आधी टेक्सस रेंजर्सचा विचार केला होता. ते आदल्याच वर्षी वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, जिंकलेले. चौघांची तिकिटं आणि पार्किंग असा हिशेब मांडल्यावर सासुरवाडीवरच्या माझ्या प्रेमाला मर्यादा आहे हे लक्षात आलं. मग गाडी वळली ती फ्रिस्कोकडे. तिथे रफरायडर्स नावाचा संघ आहे, तो रेंजर्सच्याच हाताखालचा.

"हाताखालचा म्हणजे?" नानांनी गाडीत विचारलं.

मी सांगितलं की मोठ्या लीगच्या तीस संघांना प्रत्येकी चार, असे एकूण 120 मायनर लीग संघ आहेत. सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. पोरगा खालून खेळत खेळत वर जातो. आपण बघणार ती डबल ए.

"म्हणजे कांगा लीग," नाना म्हणाले आणि खूश झाले. नाना बँकेच्या संघातून कांगा लीग, म्हणजे मुंबईची पावसाळी क्रिकेट स्पर्धा, खेळलेत. कुठल्या डिव्हिजनला, हे विचारलं की ते विषय बदलतात, पण भर पावसात, घोटाभर चिखलात, गवतात हरवलेला चेंडू शोधत फलंदाजांनी पळून काढलेल्या पाच धावांची गोष्ट मी आजवर अकरा वेळा ऐकली आहे. "पगार किती देतात?" हा पुढचा प्रश्न. बँकेतला माणूस. डबल एच्या खेळाडूला वर्षाला किमान 13,800 डॉलर मिळत, ते 2023 च्या करारानंतर 30,250 झाले. हे मी सांगितलं. नानांनी मनात रुपये केले, मग इथलं घरभाडं वजा केलं आणि मान हलवली. "लोन नाही पास होणार."

बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही, हे मला पार्किंगमध्ये आठवलं. सासूबाईंनी सकाळपासून खपून केलेल्या नारळाच्या वड्या टेक्ससच्या उन्हात गाडीत राहिल्या. ही बातमी मी त्यांना दिली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. बायकोही काही बोलली नाही. घरात हा विषय अजून उघडा आहे.

आत गेल्यावर राष्ट्रगीत झालं. सगळे उठले, टोप्या काढल्या. नाना ताठ, सावधान. महाराष्ट्रात सिनेमाआधी उभं राहायची सवय असल्याने इथवर सगळं ओळखीचं होतं. मग ते खाली बसले, मैदानावर एक नजर फिरवली आणि ती नजर उजवीकडच्या कुंपणावर अडकली.

"अहो जावईबापू, ती माणसं पाण्यात का आहेत?"

फ्रिस्कोच्या त्या मैदानात कुंपणापलीकडे एक नदी आहे. खरी नाही, 2016 साली बांधलेली, 'लेझी रिव्हर' म्हणतात. रबरी टायरमध्ये पाठ टेकून, हातात बियरचा ग्लास धरून लोक गोल गोल तरंगत असतात आणि समोर सामना चालू असतो. मी हे समजावून सांगितलं. नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तिकीट कशाचं काढलंय त्यांनी? सामन्याचं की स्नानाचं?"

खरं सांगायचं तर मायनर लीगच्या सामन्यात सामना हा जत्रेतल्या कुस्तीसारखा असतो. फड भरलेला असतो, पैलवान भिडलेले असतात, पण निम्मं गाव पाळण्यात बसलेलं आणि उरलेलं भज्यांच्या गाड्यावर. दोन डावांच्या मध्ये दीड-दोन मिनिटं मिळाली की इथे मैदानात काहीतरी घडतंच. केसाळ पोशाखातला कोणी प्राणी नाचतो, कोणी प्रेक्षकांत टीशर्ट फेकतो. एकदा दोन तरुण मुलांनी बॅटी जमिनीवर उभ्या केल्या, त्यांवर कपाळ टेकवलं, गरगर दहा फेऱ्या मारल्या आणि मग झोकांड्या खात शर्यत धावले. सासूबाईंना वाटलं, अंगात आलं. त्यांनी नकळत हात जोडले.

सासूबाईंचं खाण्याचं जमेना. हॉट डॉगमध्ये काय असतं, याचं खरं उत्तर दिल्यावर तो प्रश्न मिटला. शेवटी टरफलांसकट खारे दाणे घेतले. इथे रीत अशी की दाणे खायचे आणि टरफलं सरळ पायाशी टाकायची. सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आमची टरफलं गोळा केली. मग पुढच्या रांगेतल्यांची केली. तिसऱ्या डावापर्यंत आमच्या आजूबाजूचा परिसर इतका स्वच्छ झाला, की तिथले लोक टरफलं टाकायला घाबरू लागले.

आणि नाना? नाना सामना बघत होते. त्या अख्ख्या जत्रेत सामना बघणारा बहुधा तो एकच माणूस होता, आणि माझ्या हालअपेष्टांचं मूळ तेच होतं. कारण त्यांना प्रश्न पडत होते. तीन स्ट्राइकला बाद, मग चार बॉलला काय? चालत पहिल्या बेसला. चालत का? धावायला काय झालं? चेंडू मारल्यावर बॅट का फेकतो? विकत आणलेली वस्तू आहे ना? सगळ्यांना ग्लव्हज, मग कॅच सुटतोच कसा? धावफलकावर आर म्हणजे धावा, एच म्हणजे हिट, आणि ई म्हणजे?

"एरर. क्षेत्ररक्षकांच्या चुका."

"चुका मोजून बोर्डावर लावतात?" नानांचा आवाज आदराने खाली आला. "आमच्या शाखेत हे हवं होतं."

पण त्यांना सगळ्यांत आवडला तो पंच. बेसबॉलच्या पंचाच्या कमरेला एक झोळी असते, काळी, फुगलेली, आणि तीत चेंडू. चेंडू जरा मातीत आपटला की तो बाद, झोळीतून दुसरा. नाना मोजायला लागले. चौथ्या डावापर्यंत त्यांचे बोटांचे पेर संपले. त्यात मी माहितीचं तेल ओतलं, की हे नवे चेंडू फार गुळगुळीत असतात म्हणून सामन्याआधी त्यांना चिखल चोळतात, आणि तो चिखलही कुठलाही नाही, न्यू जर्सीत डेलावेअर नदीच्या एका फाट्याकाठून आणलेला खास चिखल.

"नव्या चेंडूला मुद्दाम चिखल?" नाना म्हणाले. "आणि आमच्याकडे थुंकी लावायलाही 2022 पासून कायमची बंदी!"

पाचव्या डावात ते घडलं. फलंदाजाच्या बॅटची कड लागून चेंडू उंच उडाला, जाळीवरून आमच्या बाजूला आला, सिमेंटच्या पायरीवर आपटला, दोन रांगा उड्या मारत खाली गेला आणि एका खुर्चीच्या पायाला लागून उलटा येऊन नानांच्या चपलेशी थांबला. आजूबाजूचे लोक उठले. मागच्या रांगेतला सात-आठ वर्षांचा पोरगा, हातात त्याच्या डोक्याएवढा ग्लव्ह, श्वास रोखून नानांकडे बघू लागला.

बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याला मिळाला त्याचा. घरी न्यायचा, कपाटात ठेवायचा, नातवंडांना दाखवायचा. अगदीच मोठं मन असेल तर शेजारच्या लहान मुलाला द्यायचा, मग लोक टाळ्या वाजवतात. एवढे दोनच मार्ग. हे मी नानांना सांगितलं नव्हतं. पगार सांगितला, चिखल सांगितला, हे राहिलं.

नानांनी चेंडू उचलला. शिवणीवरून अंगठा फिरवला. मग एक पाऊल मागे घेऊन, बहात्तराव्या वर्षी, खांद्याच्या वरून, असा काही फेकला म्हणता! चेंडू कुंपणावरून आत गेला आणि पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या पायापासून दोन हातांवर टप्पा खाऊन थांबला. खेळाडू दचकला. पंचाने वळून पाहिलं. आमच्या आसपासच्या तीस-चाळीस माणसांच्या तोंडून एकदम "ओऽऽऽ" असा, दूध उतू गेल्यावर निघतो तसा, आवाज आला.

नाना हात झटकत माझ्याकडे वळले. "खांदा अजून आहे," म्हणाले. मागे पोरगा रडायला लागला.

नानांच्याच वयाचा एक स्वयंसेवक पायऱ्या उतरून आला. अतिशय नम्रपणे म्हणाला, सर, चेंडू तुमचाच होता, पुढच्या वेळी ठेवून घ्या. मी भाषांतर केलं. नानांना ते पटेना. "अहो, चेंडू क्लबचा असतो. आमच्यात एकदा चेंडू नाल्यात गेला तर कॅप्टन स्वतः नाल्यात उतरला होता." हे मी भाषांतरित केलं नाही.

परतताना गाडीत शांतता. वड्यांचा डबा उघडला तेव्हा आत वड्या नव्हत्या, खोबऱ्याचा एकच शिरा होता. घर आलं तसे नाना हळूच म्हणाले, "म्हणजे तो खरंच माझा होता?"

त्यानंतरचे पंधरा दिवस डोंबिवलीला जाणाऱ्या प्रत्येक फोनवर तीच कथा. पहिल्या फोनमध्ये चेंडू पायाशी आला होता. पाचव्या फोनपर्यंत नानांनी तो एका हाताने झेलला होता.

जून लागला आणि देवाला माझी दया आली. ग्रँड प्रेअरीला, म्हणजे आमच्याकडून डॅलस ओलांडून पलीकडे, 2008 सालचं एक बेसबॉल मैदान होतं. एअरहॉग्ज नावाचा संघ तिथे खेळायचा. तो संघ 2020 नंतर बंद पडला आणि ते मैदान मोडून क्रिकेटचं केलं. तिथे टी-ट्वेंटी वर्ल्ड कपचे सामने होते. 6 जून, गुरुवार, अमेरिका विरुद्ध पाकिस्तान. माझी दाढ दुखत असल्याने मी ऑफिसातून रजा घेतली. माझ्या टीममधल्या एका टेक्सनचीही दाढ त्याच दिवशी दुखत होती, म्हणून तो सोबत आला.

तो ग्लव्ह घेऊन आला होता. सवय. नानांनी ग्लव्ह पाहिला आणि मला विचारलं, "हा कीपर आहे का?"

पण आता पारडं फिरलं होतं. आता प्रश्न त्याला होते आणि उत्तरं नानांकडे. धावताना बॅट बरोबर का नेतात? "विकत आणलेली असते," नाना. लोक ग्लव्हज का घालत नाहीत? "पुरुष आहेत." मी दुभाषा म्हणून उन्हात उकडत मध्ये बसलो होतो. टेक्सनने एकदा बोट दाखवून सांगितलं की तिथे उंचवटा होता, तिथे चेंडू फेकणारा पिचर उभा राहायचा, आणि 2018 साली चीनच्या राष्ट्रीय संघातली मुलं याच मैदानात एअरहॉग्जकडून खेळायची. नानांनी त्यावर शेजारच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाकडे बोट दाखवलं आणि महालक्ष्मीची आठवण सांगितली. दोघांचं छान चाललं होतं, एकमेकांचं काही न ऐकता.

पाकिस्तान 159. अमेरिका, शेवटच्या चेंडूवर चौकार, 159. सुपर ओव्हर. टेक्सनला वाटलं, बेसबॉलसारखा जादा डाव, आता रात्र होणार. अमेरिकेने 18 केल्या, त्यातल्या बऱ्याच वाइडच्या कृपेने. मग चेंडू अमेरिकेच्या सौरभ नेत्रावळकरच्या हातात गेला.

"नेत्रावळकर," नाना म्हणाले. "नेत्रावळी गोव्यात, सांगे तालुका. पण पोरगा आपल्या मुंबईचा. 2010 ला अंडर-नाइन्टीन भारताकडून खेळला, तेव्हा क्वार्टर फायनलला या पाकिस्ताननेच हरवलं होतं." पुढची सहा चेंडूंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पाकिस्तान 13. नाना खुर्चीवर उभे, टेक्सन ग्लव्ह हवेत फेकतोय, सासूबाई ओळख ना पाळख अशा एका बाईच्या गळ्यात पडलेल्या.

गोंधळ ओसरल्यावर टेक्सनने विचारलं, हा माणूस एरवी काय करतो? ओरेकलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मी सांगितलं, रजा टाकून खेळतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं. दोन वेगळ्या खंडांतल्या माणसांच्या चेहऱ्यावर इतका सारखा भाव मी पूर्वी पाहिला नव्हता.

"तुम्ही पण तेच करता ना?" नाना म्हणाले. "कॉम्प्युटरचं?"

ऑगस्टच्या शेवटी नानांनी स्वतःहून फ्रिस्कोचा विषय काढला. टेक्सनचा ग्लव्ह ते मागून आणून बसले होते. सासूबाईंनी रिकाम्या पिशव्या दोन घेतल्या होत्या, वड्या घेतल्या नव्हत्या. नाना त्याच रांगेत, त्याच खुर्चीत, ग्लव्ह गुडघ्यावर. नऊ डाव. आमच्या बाजूला एकही चेंडू आला नाही. सातव्या डावात एक उंच फटका गेला तो सरळ उजव्या कुंपणापलीकडे. टायरमधल्या एका पोट सुटलेल्या गृहस्थाने बियर न सांडता पाण्यातून चेंडू उचलला आणि डोक्यावर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नाना घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्री सासूबाई पुढच्या वेळी भारतातून काय काय आणायचं त्याची यादी करत होत्या: मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ. नाना पाठीमागून गेले, चष्मा लावून यादी वाचली आणि सासूबाईंच्या हातातलं पेन घेऊन खाली लिहिलं: पोहण्याची चड्डी.