कान नसलेल्यांतर्फे खुलासा

आपली प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. सकाळी जास्त झोंबली, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉम्प्युटरवरची गाणी छोट्या एफएम ट्रान्समीटरने घरातल्या सगळ्या रेडिओंवर कशी ऐकायची, एवढाच माझ्या लेखाचा विषय होता. आपलं म्हणणं असं: ब्लूटूथ असताना हा खटाटोप कशाला, हे कायद्यात बसतं का, फोटोत ट्रान्समीटरला जोडलेली लांब तार दिसते ती कशासाठी, आणि आपण स्वतः एक ट्रान्समीटर आणून पाहिला तर त्यात स आणि श नुसते फाटत होते. इथवर ठीक. पण पुढे आपण लिहिता, ‘असल्या डबड्यावर गाणी ऐकणाऱ्यांना कान नसतात.’

कान नसतात! साहेब (किंवा बाई, नाव लिहायचे कष्ट आपण घेतलेले नाहीत, तेव्हा कळायला मार्ग नाही), मतभेद असायला माझी अजिबात हरकत नाही. पण ही बोलायची कुठली पद्धत? मी काही तुमच्या घरी येऊन तुमच्या स्पीकरला नावं ठेवली नव्हती.

आणि कानांचंच म्हणाल, तर बंद पडलेले रेडिओ उघडून बसण्यात माझी शाळेची वर्षं गेली आहेत. एफएमच्या कॉइलचे वेढे काडीने जरासे फाकवले की स्टेशन कुठल्या कुठे सरकतं, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, काडी हातात धरून शिकलोय. कुठली खरखर सिग्नल कमी पडल्याची आणि कुठला आवाज सिग्नल डोईजड झाल्याचा, हे मला पलीकडच्या खोलीतून कळतं. तुम्ही लिहिलेलं ‘स फाटणं’ या दुसऱ्या जातीतलं. म्हणजे डबड्याचा दोष नाही, तुम्ही कॉम्प्युटरचा आवाज शंभर टक्क्यांवर ठेवला असणार.

एफएममध्ये उंच पट्टीचे आवाज (स आणि श त्यातलेच) आधी मुद्दाम वाढवून पाठवतात आणि रेडिओ तेवढेच खाली आणतो, म्हणजे वाटेतली खरखरही त्याबरोबर दबते. आता एफएममध्ये आवाजाप्रमाणे फ्रिक्वेन्सी इकडेतिकडे हलते, आणि त्या हलण्याला मर्यादा आहे, दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्झ. आधीच ठासून भरलेला आवाज आत घातला, की वाढवलेले स आणि श सगळ्यात आधी ती मर्यादा ओलांडतात आणि फाटतात. बाकी गाणं बरं ऐकू येतं, म्हणून माणूस यंत्राला शिव्या देतो. उपाय फुकटचा आहे. गाणं नको, बातम्या लावा. बोलण्यात स लगेच पकडता येतो. कॉम्प्युटरचा आवाज कमी करत जा, स साफ झाला की आणखी किंचित खाली आणा आणि थांबा. हवा तेवढा आवाज मग रेडिओच्या बटणाने वाढवा. एवढं करायला कान लागतात, बरं का.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. एफएम स्टिरिओत 15 किलोहर्ट्झच्या वरचं काही येत नाही. 19 वर पायलट टोन (स्टिरिओ येतंय हे रेडिओला कळवणारा सूर) असतो, त्याला जागा सोडावी लागते. चाळिशी उलटलेल्या बऱ्याच जणांना तसंही 15 च्या वरचं ऐकू येत नाही, पण तुमचं वय मला माहीत नाही, तेव्हा हा मुद्दा तुमचा.

मात्र ‘एफएम म्हणजे खरखर’ हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत? अमेरिकन इंजिनिअर एडविन आर्मस्ट्राँग यांनी 1933 साली या एफएमची पेटंटं मिळवली, ती खरखर मारण्यासाठीच. तुमच्याकडे तरीही येत असेल तर ट्रान्समीटर मोनोवर टाका. त्याच सिग्नलवर स्टिरिओत खरखर सुमारे 20 डेसिबलपर्यंत जास्त असते, आणि एकच स्पीकर असलेल्या रेडिओला स्टिरिओ पाठवून मिळवायचंय काय? लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर गूं आवाज थांबत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या वाटेने फिरणारा नको तो करंट. ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, तो विजेचा थेट संबंध तोडून आवाज तेवढा पुढे पाठवतो. रेडिओ हातभर सरकवूनही बघा. या लहरी सुमारे 3 मीटर लांबीच्या असतात, भिंतींवरून परतून आलेल्या आणि थेट आलेल्या लहरी एखाद्या नेमक्या जागी एकमेकींना खातात. हे सगळं करून मग कानांचा विषय काढला असता तर मी निमूट ऐकून घेतलं असतं.

ब्लूटूथवर मला वाद घालायचा नाही. एका खोलीत एक स्पीकर असेल तर खुशाल वापरा. तीन खोल्यांत तीन वेगवेगळे स्पीकर एकाच तालात वाजवून दाखवा, मग बोलू. एफएमचे सगळे रेडिओ, नवे काय नि जुने काय, एकदम बोलतात.

कायद्याचा नियम देशागणिक वेगळा आहे. युरोपात ट्रान्समीटरची ताकद 50 नॅनोवॉटपर्यंत, अमेरिकेत 3 मीटर अंतरावर सिग्नलची तीव्रता मीटरमागे 250 मायक्रोव्होल्टपर्यंत. मूळ लेखात मी ‘आपापल्या देशाचा नियम पाहावा’ असं लिहिलं होतं, शेवटच्या ओळीत का होईना. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं.

राहिली तार. तो फोटो जुना आहे.