टाच

पुण्यात लोकरीचे मोजे घालण्याजोगी थंडी जेमतेम पंधरवडाभर पडते, आणि त्यातही दुपारी पंखा लागतो. तरी मी मोजे विणायला घेतले. भाचा शिकायला जर्मनीला निघाला होता. लाडू-चिवडा काय, सगळेच देणार. मावशीनं काहीतरी हातचं द्यावं असं मला वाटलं.

मफलर विणता येतो याचा मला गर्व होता. मफलरला ना गळा, ना बाही. हात दुखले की थांबायचं आणि मफलर पूर्ण झाला असं जाहीर करायचं. मोज्यात ही सोय नाही, कारण समोरच्याला पाय असतो.

मोज्याला सुया लागतात पाच. अडीच मिलिमीटर जाडीच्या, दोन्ही बाजूंनी टोकदार. ६४ टाके घालायचे, चार सुयांवर १६-१६ वाटायचे आणि पाचवीनं गोल विणत राहायचं. एका वेळी कामात दोनच सुया असतात. बाकीच्या तीन लोंबकळत असतात आणि संधी मिळताच सोफ्याखाली पळतात. नवरा दारातूनच म्हणाला, "साळिंदर पाळलंयस का?" आणि त्या दिवसापासून सोफ्यावर आधी हात फिरवून मगच बसू लागला.

दोन सुलट, दोन उलट करत वरची पट्टी निभावली. मग टाच आली.

टाचेची कृती वाचून कुणाचाही माणुसकीवरचा विश्वास उडेल. अर्धे, म्हणजे ३२ टाके घेऊन आधी एक चौकोनी पट्टी विणायची. पुढे त्या ३२पैकी २१ विणायचे आणि उरलेले ११ सुईवर तसेच सोडून चक्क माघारी फिरायचं. परत येताना त्या बाजूलाही ११ सोडायचे. स्वेटरच्या बाबतीत सासूबाईंचा शब्द शेवटचा. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि निकाल दिला, "छापताना चुकलंय. अगं, ओळ पुरी कर आधी!"

मी कागदाचं ऐकलं. पुढे प्रत्येक ओळीला सोडलेल्यांपैकी दोन-दोन टाके आत घेत आणि दर वेळी दोनाचा एक करत गेले, आणि ३२चे १८ होईपर्यंत ती सपाट पट्टी माझ्या डोळ्यांदेखत वळली. कात्री नाही, शिवण नाही, आणि हातात खोलगट, गोल टाच! सासूबाईंनी मोजा ओढून घेतला, उलटा करून पाहिला, आत मूठ घालून पाहिली. "हं. बरी वळलीय." आमच्या घरात याच्या वरचा पुरस्कार नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे मोजे आहेत, दीड हजार वर्षांहून जुने. ते एकाच सुईनं केलेत, आणि चपलेत घालता यावेत म्हणून अंगठा वेगळा ठेवलाय. म्हणजे मोज्यांवर चपला घालणारे आमच्या सोसायटीतले काका फार जुनी परंपरा चालवताहेत. मी उगाच हसायचे.

पुढची बोटांकडची शिवण सुईदोऱ्यानं अशी घालतात की जोड दिसतही नाही आणि बोचतही नाही. तिला नाव लॉर्ड किचनरचं, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती असलेल्या त्याच किचनरचं. सेनापतीला हे सुचलं असेल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणातरी बाईनं शोधलं असणार आणि नाव साहेबाचं लागलं असणार.

मोजा झाला. एक. घरभर मिरवून झाल्यावर लक्षात आलं की भाच्याला पाय दोन आहेत, आणि आता तेच ६४ टाके, तीच टाच, पण या वेळी कुणी बघायला येणार नाही. तोवर त्याचं विमान गेलं. फोनवर म्हणाला, "अगं मावशी, इथं घरात हीटर असतो. सावकाश पाठव."

पाठवायला गेले तेव्हा कुरिअरवाल्या पोरानं फॉर्म पुढे ओढला. "वस्तू काय, ताई?"

"मोजे. लोकरीचे."

"किंमत?"

मी अजून विचारच करत होते, तर त्यानं मान वर न करता लिहून टाकलं: ५० रुपये.

मी त्याला दुसरा फॉर्म काढायला लावला.