खुलासा : आयआरआय (रस्त्याच्या खडबडीतपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका रस्ता गुळगुळीत) चांगला, मग ट्रक का आदळतो?

वडाळ्याच्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय : “आयआरआय 2 च्या आत, म्हणजे ट्रकलाही रस्ता लोण्यासारखा, ड्रायव्हर उगाच रडतात.” चूक. आकडा खरा असेलही, पण तो मोटारीचा आहे. 1982 च्या ब्राझीलमधल्या प्रयोगातून रुळलेलं हे माप ताशी 80 किमीने धावणाऱ्या काल्पनिक मोटारीच्या एका चाकावर बेततात. पाट्यांवरचा (म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवरचा) ट्रक त्या गणितात नाहीच. काँक्रीटचे सांधे दर 4.5 मीटरवर धरा. ताशी 40 ने गेलात, तर सेकंदाला अडीच ठोके. आणि पाट्यांवरचा ट्रक सेकंदाला साधारण 2 ते 3 वेळा हेलकावतोच! ताल जुळला की कटिंग मांडीवर सांडलीच म्हणा. रिकामा ट्रक तर आणखी टणाटण उडतो.