परसातला सामरी

भुताचा सिनेमा बघताना कुणी घाबरत नाही. चारचौघांत बसलेलं असतं, हातात भाजलेले शेंगदाणे असतात, भूत काचेच्या पलीकडे असतं. घाबरायची वेळ येते ती रात्री अडीच वाजता, लघवी लागल्यावर.

हे ज्ञान मला 1986 सालच्या मे महिन्यात झालं. रेवदंड्याच्या घरी लहानथोर धरून अकरा माणसं जमली होती आणि काकाने वर्गणी काढून टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी चोवीस तासांच्या भाड्याने ठरवल्या होत्या. भाडेवाला लुनावरून आला. मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर टीव्ही होता आणि पोराचं फक्त कपाळ दिसत होतं. वायरी जोडून देताना भाडेवाल्याने बजावलं, "हेड साफ करून दिलंय. मुंग्या आल्या तर हात लावू नका, मला बोलवा." (हेड म्हणजे व्हीसीआरमधला कॅसेट वाचणारा भाग. तो मळला की चित्रभर ठिपके यायचे, त्या मुंग्या.) तो फाटकाबाहेर पडायच्या आत काकाने हात लावला.

पहिली कॅसेट आजीसाठी देवाची, दुसरी आई-आत्यांसाठी रडायची आणि तिसरी 'पुराना मंदिर'. तिसरी लागेपर्यंत आजी झोपेल असा सगळ्यांचा हिशेब होता. आजीने हिशेब ओळखला आणि जपमाळ घेऊन बरोब्बर टीव्हीसमोर बसली. सुरुवातीला सेन्सॉरच्या दाखल्यावर भला मोठा 'ए' आला. मी विचारलं, "ए म्हणजे काय?" काका म्हणाला, "ए-वन. गप बस."

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सामरी नावाचा एक राक्षसासारखा मांत्रिक असतो. राजा त्याचं मुंडकं उडवतो, मुंडकं पेटीत घालून हवेलीत ठेवतो आणि धड देवळामागे पुरतो. सामरी मरता मरता शाप देतो की, तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल आणि माझं मुंडकं धडाला लागलं की मी परत येईन.

आजीची जपमाळ इथेच थांबली.

"मुंडकं आणि धड एकाच गावात कशाला ठेवलं?" ती म्हणाली. "एक काशीला न्यायचं, एक रामेश्वराला. शिंच्यांना एवढं कळू नये? राजे म्हणे!"

यावर कुणाकडेही उत्तर नव्हतं. सामरीला बघून मात्र आजीची पंचाईत झाली. तिच्याकडे भुतांची जातवारी तयार होती. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा, तो पिंपळावर राहतो. पाण्यात बुडून गेला तो गिऱ्हा. बाळंतपणात गेली ती अळवंत. इस्टेटीत जीव अडकून गेला तो समंध. वेताळ या सगळ्यांचा मामलेदार. प्रत्येकाचं खाणं ठरलेलं, राहणं ठरलेलं, घालवायची रीत ठरलेली. सामरी यातल्या कुठल्याच खात्यात बसेना. "हा आपल्यातला नाही," आजीने निकाल दिला. "याला दहीभात चालायचा नाही."

दुसरी अडचण आत्याच्या यजमानांची. ते मुरुडचे. हा सिनेमा काढणाऱ्या रामसे मंडळींनी मुरुडच्या नवाबाच्या राजवाड्यात चित्रीकरण केलेलं आहे, ते यांना पक्कं माहीत. त्यामुळे पडद्यावर हवेली आली की यांना माहेर दिसल्यासारखं व्हायचं. नायिका मेणबत्ती घेऊन जिना चढतेय, मागे ढमढम वाजतंय, आम्ही गुडघे पोटाशी घेतलेत आणि हे सांगताहेत, "या कमानीखाली आम्ही आंबे खाल्लेत." आजीने जावयाचा मान राखून पदर सावरला आणि विचारलं, "मग जावईबापू, तुम्हाला तिथं काही दिसलं नाही?" ते म्हणाले, "वटवाघळं होती." भीती निम्म्यावर आली.

उरलेली निम्मी काकाने घालवली. तो प्रत्येक भीतिदायक जागी हसायचा. "मुखवटा आहे रे! मानेपाशी बघ, शिवण दिसतेय." पडद्यावर मुंग्या आल्या की दहाची नवी नोट घडी करून व्हीसीआरच्या पोटात सारायचा. तिकडे राजाच्या घराण्याला सामरीच्या हेडचा घोर आणि इकडे काकाला व्हीसीआरच्या. मुंग्या नेमक्या आंघोळीच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त होत्या. आदल्या गिऱ्हाइकांनी पुढेमागे करकरून कॅसेट तिथंच झिजवली असणार. त्या वेळी बाबांना जोराचा खोकला आला आणि आम्हा मुलांना पाणी आणायला पिटाळलं गेलं. त्या रात्री बाबांनी इतकं पाणी प्यायलं की पुढचा प्रसंग टळणं अशक्यच होतं.

गब्बरची नक्कल करणारा जगदीपचा मच्छरसिंग येऊन गेला. आम्ही पोट धरधरून हसलो. सिनेमा शेवटाकडे आला, आता मुंडकं धडाला लागणार, काका "बघा बघा" म्हणाला आणि लाईट गेली.

साध्या दिवशी लाईट गेली की कुणीतरी "गेली" म्हणतं. त्या रात्री अकरा माणसं गप्प होती. परसात फणस होता, त्याची पानं हलत होती. ती रोजच हलतात, पण ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "मला जरा मागे जाऊन यायचंय."

आमचा संडास परसाच्या टोकाला, फणसाच्या पलीकडे. पन्नास पावलं. बाबांनी कंदील उचलला तसा मीही उठलो. मग भाऊ, मग दोघी चुलत बहिणी. आई म्हणाली, "मुलांसोबत मोठं कुणी नको का?" जसे काही बाबा मोठे नव्हते. आत्या उठली, म्हणून यजमान उठले. काका म्हणाला, "मला लागलेली नाही. पण तुम्ही घाबराल म्हणून येतो." आणि तो ओळीच्या बरोब्बर मध्यभागी शिरला. घरात एकटं राहायला नको म्हणून आजी जपमाळ घेऊन निघाली. गावात पालखीलासुद्धा आमच्या घरातून इतकी माणसं कधी गेली नव्हती.

तिथं पोचल्यावर नियम ठरले. कंदील आत न्यायचा की बाहेर ठेवायचा यावर वाद झाला. आत नेला तर बाहेरचे दहाजण अंधारात, बाहेर ठेवला तर आतला एकटा अंधारात. शेवटी दाराच्या फटीत ठेवला आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. आतल्याने सतत बोलत राहायचं, बाहेरच्यांनी ओ द्यायची. बाबा आतून विचारत होते, "आहात ना?" आम्ही कोरसमध्ये, "आहोत!" एवढा शिस्तीचा माणूस, पण त्या रात्री जुन्या कुलाबा, म्हणजे रायगड, जिल्ह्यातले तालुके म्हणत बसला होता. माझी पाळी आली तेव्हा मी बाराचा पाढा म्हटला आणि बारा सत्तेला अडकलो. बाहेरून काका ओरडला, "चौऱ्याऐंशी! पुढे म्हण, थांबू नको!" हा तोच काका, ज्याला मानेची शिवण दिसली होती. सगळ्यात शेवटी तो आत गेला. त्याला लागलेली नव्हती. पाच मिनिटं लागलेली नव्हती.

आता मागे वळून बघताना वाटतं, रामसेंचा निम्मा खर्च आमच्या परसाने केला. ते बिचारे काटकसरीने जगणारे. फत्तेचंद रामसेंचं फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान, नंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. 1970 साली त्यांचा एक सिनेमा पडला, पण त्यात मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरला बघून लोक किंचाळतात, हे पोरांनी हेरलं. मग सातही भाऊ कामाला लागले. कुणी लिहायचं, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज सांभाळायचा, कुणी कापाकापी करायची आणि तुलसी-श्याम दिग्दर्शक. 1972 चा 'दो गज ज़मीन के नीचे' त्यांनी सगळ्यांना बसमध्ये घालून महाबळेश्वरला नेऊन साडेतीन लाखांच्या आसपास उरकला, आणि घरच्या बायका तिथं स्वयंपाक करत होत्या. आमच्याकडची लग्नंसुद्धा याच पद्धतीने होतात. आणि आम्ही ज्याला बघून पाढे म्हटले तो सामरी, म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, रूडकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. आजीला हे कळलं असतं तर तिने त्याला विहिरीचा कठडा दाखवला असता. तो तीन वर्षं कलला होता.

अमेरिकेतल्या एका पठ्ठ्याने तर राहत्या घरातच, साधारण 15,000 डॉलरमध्ये, 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' काढला. त्यात बराच वेळ एक दार हलतं. माझी मुलगी तो उशी पोटाशी धरून आणि फोनवर पुढची गोष्ट आधीच वाचून घेत बघत होती. "आता दचकायचंय," ती मला सांगायची आणि मग दोघं मिळून दचकायचो. आमच्या फ्लॅटमध्ये पलंगापासून संडास सहा पावलांवर आहे आणि दिव्याचं बटण हाताशी. तिला काय कळणार!

लाईट सकाळपर्यंत आली नाही. भाडेवाला मात्र चोवीस तास भरले म्हणून वेळेवर आला. कॅसेट व्हीसीआरच्या आत आणि विजेशिवाय ती बाहेर निघेना. काकाने नोट सारून बघितली, बाबांनी पेनाने ढोसलं. शेवटी भाडेवाला म्हणाला, "राहू दे आत, दुकानावर काढीन." त्याने व्हीसीआर कॅरिअरवर ठेवला आणि वरून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधला. मुंडकं धडाला लागायला पाच मिनिटं बाकी असलेला सामरी आमच्या फाटकातून असा निघाला.

आजी पायरीपर्यंत गेली. "अरे, ऐक," ती म्हणाली, "दुकानावर गेलास की तेवढा शेवट बघून टाक. असलं अर्धवट ठेवू नये."

भाडेवाल्याने लुना सुरू करता करता पाय थांबवला.

"आजी, मी असले पिक्चर नाही बघत," तो म्हणाला. "रात्री दुकानात एकटाच झोपतो मी."