‘नियमाच्या आडून अडवणूक’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. ‘नियमानुसार काम’, म्हणजे संप न करता प्रत्येक नियम तंतोतंत पाळायचा आणि त्यामुळे काम संथ होऊ द्यायचं, या आंदोलनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की ही नियमाच्या आडून केलेली अडवणूक आहे. संप करायचा तर उघड करावा, पगार पूर्ण घेऊन लोकांना वेठीला धरू नये. आक्षेप मनापासूनचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं कोर्टानेही मान्य केलेलं आहे. १९७२ साली ब्रिटनच्या रेल्वे कामगारांनी हेच हत्यार उपसलं, तेव्हा न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी दाखला दिला: माणसाने मला स्टेशनवर पोहोचवलं खरं, पण माझी गाडी चुकावी म्हणून मुद्दाम हळू नेलं, तर तो करारभंगच. दाखला बिनतोड आहे. फक्त त्यात हाताशी पुरेसा वेळ आहे. नियम पाळून काम वेळेत होतच नसेल, तर काय करायचं?

मी छपाईच्या ऑफसेट मशीनवर काम केलंय. भिंतीवर पाटी होती, ‘मशीन पूर्ण थांबवूनच ब्लँकेट पुसावे.’ ब्लँकेट म्हणजे सिलिंडरवर ताणून बसवलेलं रबरी आवरण. पाटीप्रमाणे त्याचा समोर आलेला पट्टा पुसायचा, हात बाहेर घ्यायचा, बटण दाबून सिलिंडर थोडा फिरवायचा, थांबवायचा, मग पुढचा पट्टा. चार कलरच्या मशीनला अशी चार ब्लँकेटं. टार्गेट ठरवताना हा वेळ कुणी धरलाच नव्हता. त्यामुळे सगळेच फिरत्या सिलिंडरवर फडकं लावायचे, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत. एका रात्रपाळीला हेल्परचं फडकं आत ओढलं गेलं, पाठोपाठ दोन बोटं. तो दवाखान्यात असतानाच मेमो आला: ‘सूचना असताना मशीन का थांबवले नाही?’

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे मशीन थांबवायला लागलो. माल रखडला. तेव्हा त्याच सुपरवायझरने विचारलं, ‘मुद्दाम करताय का?’

हो, मुद्दामच करत होतो. पण पाटीवर होतं तेवढंच. पगार त्याच कामाचा होता. आजवर वाचवलेला वेळ आम्ही बोटं पणाला लावून फुकट देत होतो. आठवडाभराने ब्लँकेट पुसण्याचा वेळ टार्गेटमध्ये धरला गेला. त्याआधी दोन वर्षं आम्ही तो तोंडी मागत होतो.

लोकांना त्रास होतो, हे खरंच आहे. १९६८ साली अमेरिकेतल्या हवाई वाहतूक नियंत्रकांनी विमानांमधलं अंतर पुस्तकाबरहुकूम ठेवलं, तर न्यूयॉर्कची विमानं तासन्‌तास खोळंबली. त्या प्रवाशांचा संताप मी समजू शकतो. मात्र ते अंतर नियंत्रकांनी त्या दिवशी शोधून काढलेलं नव्हतं.

एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे. कुणाचंच रक्षण न करणारा, धूळ खात पडलेला नियम केवळ समोरच्याला अडवायला उकरून काढला, तर ती अडवणूकच. तसं करणारेही मी पाहिलेत. फिरत्या सिलिंडरपासून हात लांब ठेवणाऱ्याला मात्र मी त्यांच्यात धरणार नाही.